यात्रागाडीच्या छतातली भुणभुण

मोरेश्वरला किळस फार. पांढुर्ण्याच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिथं येणाऱ्यानं आधी हात दाखवायचे, मग रेडिओ. हॉटेलातल्या कपातून तो चहा पीत नसे. घरून स्टीलची वाटी नेई, आणि त्या वाटीत हॉटेलवाल्याचा अंगठा बुडालेला दिसला की चहा मोरीत ओतून, पैसे देऊन, तसाच उपाशी परत येई. एकदा मोहगावला मुलगी पाहायला गेला. मुलगी छान, नाकीडोळी नीटस. पण तिच्या बापानं ज्या हातानं नाक पुसलं त्याच हातानं पोह्यांची बशी पुढं केली. झालं! मोरेश्वर उठला, चपला घातल्या, आणि लग्न जे राहिलं ते राहिलंच.

लोक हसायचे. पण ती किळस काही आभाळातून पडली नव्हती. बाप तिगावच्या टेसनावर कामाला, आणि त्याच्या तोंडात झोपेतसुद्धा खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेली पुडी. आमच्या भागात ती ज्याच्या खिशात नाही तो पुरुष शोधावा लागतो. बाप बाजेवरून उठायचाही नाही, पडल्या जागेवरून कोपऱ्यात पिचकारी मारायचा. तो कोपरा धुवायचं काम मोरेश्वरचं. बाप गेला, माय अंबाबाईनं कोपऱ्याला तीनदा चुना मारला, तरी पावसाळा आला की लाली भिंतीतून वर यायचीच.

अंबाबाईनं कापूस वेचून, संत्र्याच्या पेट्या भरून पोराला वाढवलं. नागपूरच्या पुढं ती गेली नव्हती. तिची एकच इच्छा होती, रामेश्वर. देवाइतकाच समुद्रासाठी.

"पानी एवढं मोठं अन् खारं, असं म्हणते लोक," ती म्हणायची. "मले एक बोट बुडवून चाखून पाहाव वाटते. मंग मेली तरी चालते."

छ्याऐंशी साली सौसरच्या भैय्याजींनी जुनी बस घेऊन तिची यात्रागाडी केली. गाडी कसली, चाकावरचं घर! मागं स्टोव्ह, पिठाचे डबे, पाण्याचे पिंप. बाकं अशी की पाठ पाडली तर झोपता येईल. महिना महिना माणसं त्यातच राहणार, त्यातच स्वयंपाक करणार. पुरुष पुढं, बायका मागं. भजनं लावायला भैय्याजींनी मोरेश्वरला बोलावलं. त्यानं ड्रायव्हरजवळ टेप अन् ॲम्प्लिफायर बसवला, छताच्या रेक्झीनला गोल भोकं पाडून आठ स्पीकर लावले, प्रत्येकाखाली पत्र्याची जाळी, जाळीला चार स्क्रू. मजुरी त्यानं घेतली नाही. बोली झाली, की रामेश्वरच्या खेपेला एक जागा अंबाबाईची.

पहिली खेप काशीची. गाडी परत आली, आणि चार दिवसांनी भैय्याजींची चिठ्ठी: "तुह्ये स्पीकर भुंग्यावानी भुणभुण करून राहिले. गंगेपासून डोकं उठलं. परवा रामेश्वरची गाडी निंघते. सुधरत असन तं ये, नाही तं नागपूरचा माणूस येते, अन् त्याच्या बायकोले जागा मांगून राहिला तो."

अंबाबाईचं गाठोडं तर आठ दिवसांपासून बांधून दाराशी होतं. मोरेश्वरनं पेटी उचलली आणि पहिल्या बसनं सौसर गाठलं.

गाडी भैय्याजींच्या अंगणात उभी होती. दार उघडलं आणि आतून महिनाभराचा वास अंगावर आला. शिळं वरण, ओले टॉवेल, पायमोजे, आंबलेलं दही. मोरेश्वरनं नाकाला रुमाल बांधला. बाकांच्या डोक्याकडच्या बाजूला तेलाचे काळे गोल, एकेका माणसाचा एकेक. खिडकीच्या फटीत केळ्याची साल वाळून चामड्यासारखी झालेली. त्याला वाटलं, ही माणसं पाप धुवायला गेली होती की घेऊन यायला!

"इंजिन चालू केलं की जास्त वाजते," भैय्याजी खालून म्हणाले. धोतर, कोट, कपाळाला गंध. "तुह्यं वायरिंगच कच्चं असन."

"पाहू द्या ना भैय्याजी. आधीच काहून नाव ठेवता?"

त्यानं इंजिन बंद ठेवून टेप लावली. भुणभुण होतीच. म्हणजे डायनामोची भानगड नाही. मग ॲम्प्लिफायरच्या साऱ्या तारा काढून पेटीतला आपला एक स्पीकर जोडला. आवाज कसा, धुतल्या काचेसारखा. म्हणजे खालचं सारं ठीक, दोष वर आहे. मग एकेक स्पीकर वेगळा लावून ऐकला. मागचे तीन, बायकांच्या डोक्यावरचे, स्वच्छ. पुढचे पाच भणभणतात. तेही सारखं नाही; टाळ वाजला तर गप्प, मृदंगाची थाप पडली की फर्रर्र. स्पीकरच्या आतल्या कागदाला काहीतरी चाटून जात होतं.

पहिल्या बाकाजवळ स्टूल ठेवून तो वर चढला. ते बाक भैय्याजींचं. वर पाहिलं तर जाळीचा एक स्क्रू गायब, आणि बाकीचे इतके ढिले की जाळी बोटानं फिरत होती. त्याच्या डोक्यात सणक गेली. चारही स्क्रू त्यानं स्वतःच्या हातानं आवळले होते! स्क्रूच्या खाचा पाहिल्या तर चरे पडलेले, जसं कोणी रोज नाण्यानं फिरवत असावं.

त्यानं जाळी बाजूला सारली. आणि वरून पुड्या पडल्या. एक कपाळावर, एक खांद्यावर, एक शर्टाच्या आत. खर्र्याच्या पन्न्या, अर्ध्या खाल्लेल्या, तोंडाला रबर गुंडाळलेल्या. मागोमाग चुन्याची डबी. तेवढ्यानं भागलं असतं तर बरं. पण पन्न्यांत एक फुगलेली होती, जड, लालसर, आत काहीतरी हलणारी. चालत्या गाडीत थुंकायचं कुठं, खिडकीतून तर मागच्या बायकांना दिसणार? तर पन्नीत थुंकायचं, गाठ मारायची आणि वर ठेवून द्यायची, मुक्काम आला की फेकू. मुक्काम आला, विसरले. मोरेश्वर ती दोन बोटांत धरायला गेला आणि ती त्याच्या बाहीवर फुटली.

तो स्टुलावरून उतरला नाही, पडला. दारात जाऊन ओकला. तिगावच्या घराचा कोपरा आठवला, आणि आणखी ओकला.

पण अजून चार जाळ्या बाकी होत्या. बाही कोपरापर्यंत दुमडून, श्वास रोखून त्यानं त्याही उघडल्या. पाचही ठिकाणी तोच खजिना. एका स्पीकरचा कागद ओलीनं लापशी झाला होता.

तेवढ्यात भैय्याजींच्या बायको, सरलाबाई, पाणी घेऊन आल्या.

"काय झालं भाऊजी, तब्येत बरी नाही काय?"

"वास लागला, वहिनी."

"लागनच. महिनाभर चाळीस माणसं कोंबली होती. पण एक सांगू? मी तं म्हणते गाडी सोन्याची आहे." त्या पायरीवरच टेकल्या. "काशीत काहीतरी सोडा लागते ना? कोणी वांगं सोडते, कोणी दोडका. आमच्या गाडीतल्या बारा माणसायनं गंगेचं पानी हातात घेऊन तंबाखू सोडली. पहिलं नाव आमच्या ह्यायचं! वीस वर्षं मी डोकं फोडून राहिली होती. घरी आल्यावर गंगापूजन घातलं, दोनशे पानं उठली, साऱ्या सौसरात सांगतलं मी. तेव्हापासून सुपारीचं खांडही नाही तोंडात."

मोरेश्वरच्या हातात वर्तमानपत्राचं पुडकं होतं. आत पुड्या. पायरीखाली भैय्याजी उभे. कपाळावरच्या गंधाला घाम सुटलेला.

"सरला, जरा चहा पाय ना," भैय्याजी म्हणाले. त्या गेल्या तसं त्यांनी मोरेश्वरला कोपराला धरून गाडीमागं नेलं.

"हे पाय, तिले काही सांगू नको."

"मंग काय सांगू? भुंगे होते म्हणून सांगू?"

"सांग की स्क्रू ढिले राहिले होते तुह्याच्यानं. म्हणून वाजे."

"माह्याच्यानं?" मोरेश्वरचा आवाज चिरकला. "भैय्याजी, पंधरा वर्षं झाली दुकानाले. माहा स्क्रू कधी ढिला राहिला नाही."

"अरे लेका, स्क्रूच तं आहे! तुह्या मायले माह्या मागचं बाक देतो, खिडकीपाशी. मागं हेंदकाळते, म्हाताऱ्या माणसाचे हाडं खिळखिळे होते. अन् तू जर काही बोलला... नागपूरवाला उद्या येऊन राहिला."

मोरेश्वरनं त्यांच्याकडं पाहिलं. गंगेच्या साक्षीनं खोटं बोललेलं तोंड, आणि आता त्याला खोटं बोल म्हणणारं. बाहीवरचा डाग वाळून घट्ट होत होता. त्याला वाटलं, पुडकं सरलावहिनींच्या ओट्यावर ओतावं आणि चालू लागावं. मग दाराशी बांधून ठेवलेलं गाठोडं डोळ्यांसमोर आलं.

सरलाबाई चहा घेऊन आल्या. सोबत जागा पाहायला आलेली चार माणसंही.

"कळलं काय दुखणं?"

"स्क्रू ढिले राहिले होते," मोरेश्वर म्हणाला. "माह्याच्यानं."

"अगं बाई! अन् एवढा टापटिपीचा माणूस!" त्या हसल्या. माणसंही हसली. भैय्याजी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

तेव्हा मोरेश्वरनं पेटीतून रिबेटं काढली.

"आता पुन्हा ढिले नको व्हायले," तो शांतपणे म्हणाला. "जाळ्याच रिबेटानं ठोकून टाकतो. मंग कोणाच्या बापाच्यानं निंघत नाही. भैय्याजी, जरा स्टूल धरा."

स्क्रू ढिला, हे भैय्याजींचंच म्हणणं. स्टूल धरून ते उभे राहिले आणि एकेक जाळी बंद होताना पाहत राहिले. चौथ्या जाळीला जागा पाहायला आलेल्यांतला एक जण, काशीच्या खेपेतलाच गडी, हळूच म्हणाला, "एखादी उघडी राहू द्या ना, हवेसाठी." मोरेश्वरनं त्या जाळीला एक रिबेट जास्त ठोकलं.

ओला स्पीकर बदलला. टेप लावली. मृदंग खणखणीत. पुडकं त्यानं परसात पुरलं, तिथंच हातपंपावर सात वेळा हात घासले, शर्ट काढून टाकला, आणि बनियनवर पांढुर्ण्याला परत आला. सौसरात मात्र पुढं कितीतरी दिवस त्याला काम देताना लोक म्हणायचे, "स्क्रू आवळजो बरं, मोरेश्वर." तो मान खाली घालून आवळायचा.

अंबाबाई महिन्यानं परत आली. काळी पडलेली, पण डोळे चमकणारे. समुद्र चाखला होता. "खारा कसला, कडू आहे कडू!"

"आवाज कसा होता?"

"आवाज तं बाप्पा देवळातल्यावानी. बाकी विचारू नको. त्या भैय्याले खोकल्याची काय ढास लागली होती! घडीघडी खिडकीतून मुंडकं बाहेर काढे. पुढचे सारेच खोकत होते. मी त्याच्या मागच्याच खिडकीशी, म्हटलं हवा लागन, तं पहिल्याच दिवशी तोंडावर लाल फवारा." तिनं पदरानं गाल पुसला, जणू तो अजून तिथंच होता. "चवथ्या दिवसापासून काच लावून घेतली ती लावूनच घेतली. सारा मुलूख मी लाल काचेतून पाहिला."

मोरेश्वर उठला आणि मोरीकडं गेला.

"काहून रे, काय झालं?"

"काही नाही माय. हात धुऊन राहिलो."