वैशूनं आज डिस्क गोल्फ सोडलं

मंडळी, आज लई वाईट वाटतंय.

माझी बहीण वैशू डिस्क गोल्फ खेळते. प्लास्टिकची चकती लांबून साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा हा खेळ. परदेशातल्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली, म्हणून दुपारी प्रायोजक शोधत आम्ही गुलमंडीतल्या एका कापड दुकानात गेलो.

शेठजींनी प्रेमानं चहा पाजला. म्हणाले, "बेटा, क्रिकेट असतं तर लगेच मदत केली असती. ह्या खेळाला इथं कोण ओळखतं?"

वैशू हसून उठली. गाडीवर मागं बसल्यावर मात्र तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकवलं.

"दादा, माझ्या खेळाचं पेज बंद कर. मी आता नोकरी बघते."

माझा शर्ट ओला होत गेला.

हेच ते पेज. बंद करायला हात धजत नाही. तुम्ही केलं असतं?