वहिनीचा हेल

बोलण्यावर मी आयुष्यभर बोलत आलो. कविता कशी म्हणावी, लोकांनी ती कशी ऐकावी — विचारा, तासभर ऐकवीन. ही एक गोष्ट मात्र बायकोलासुद्धा सांगितली नाही. मग तुम्हालाच का? कोण जाणे. तोंडात कडू साचलंय, ते थुंकायचंय, एवढंच समजा.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी लोणावळ्याला मास्तर होतो आणि नव्या धर्तीच्या कविता करायचो. तेव्हाचे कवी माना वेळावत, चाली लावून कविता गात. मला किळस यायची. माझं म्हणणं — कविता गायची नाही, बोलायची. माणूस घरात बोलतो तशी. अडखळत, मधेच गप्प होत. आणि टाळीकडे ढुंकून बघायचं नाही. टाळीसाठी तोंड उघडतो तो कवीच नव्हे, असं मी तावातावाने सांगायचो. वा रे वा मी! माझी कविता सुरू झाली की लोक खोकायचे, घड्याळं बघायचे, आणि खोलीवर येऊन मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचो. टाळी नको होती ना? मग जळफळाट कसला?

आमचं गाव आंदर मावळात. थोरला भाऊ तिथे शेती बघायचा. आई लवकर गेली. मला वाढवलं ते वहिनीने. तिची धाकटी मुलगी, चिमी, तापात गेली. मी वडगावला गाडीतून उतरून पायी गावी पोचलो, तेव्हा पोर अंगणात घोंगडीवर निजवली होती आणि वहिनी हेल काढून रडत होती. आमच्याकडे बायका अशाच रडतात — गेलेल्या माणसाशी बोलत, सूर लांबवत, चारचौघांदेखत.

"म्हशीला भेनारी माजी बाय गं... आता येकटी कुटं निगालीस गं... तुज्या म्होरं कोन चालंल गं..."

आणि मी? डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू. पण कान टिपत होते. ती कुठे थांबते, कुठे श्वास घेते, 'गं' किती ओढते. हेच ते, मनात म्हणालो, हेच मी शोधत होतो! माझ्या खांद्यावर बसून हिंडलेली पोर समोर गार पडली होती — आणि मला आनंद झाला. हो, आनंदच. दुसरा शब्द नाही.

पुढे लोणावळ्यातच, वलवणच्या बाजूला एका बड्या वकिलांच्या बंगल्यावर, हवा खायला आलेल्या मंडळींसमोर, मी वहिनीचं ते रडणं कविता म्हणून म्हटलं. जसंच्या तसं. म्हशीचं नाव आलं आणि पुढची एक बाई फिसकन हसली. मग तिच्या शेजारची. तिथेच थांबायला हवं होतं की नाही? नाही थांबलो. ते हसणं मला गोड लागलं हो! मी हेल आणखी ओढला, उपरण्याचा पदर करून डोळ्यांना लावला, शेवटी तर म्हशीसारखं रेकून दाखवलं. हशा, टाळ्या, वन्स मोअर. आणि मी पुन्हा म्हटलं. शी!

भाऊ त्या बंगल्यावर तांदूळ घालायला आला होता. व्हरांड्यात उभा राहून त्याने सगळं ऐकलं. निघताना एवढंच म्हणाला, "लय हसली मान्सं."

त्याने घरी सांगितलं असणार. कारण त्यानंतर मी गावी गेलो की वहिनी ताट वाढायची, वर तूप वाढायची, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मीही कधी विषय काढला नाही.

काही वर्षांनी भाऊ गेला. बायका वहिनीभोवती बसल्या. आता ती हेल काढणार, म्हणून सगळ्या थांबल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं. "भावजी, तुमी जरा भायेर बसा."

लोकांना वाटलं, दिराने पुरुषांत बसावं म्हणून म्हणतेय. मला मात्र बरोबर कळलं. मी उठलो, बाहेर गेलो — आणि दाराआड उभा राहिलो. तिला माझं धोतर दिसलं असावं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच बसून राहिली. नवऱ्याला उचललं तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

बायका आधी कुजबुजल्या, मग उघड बोलू लागल्या. "दाल्ल्यासाटी रडली न्हाई. काळीज हाय का धोंडा?" ते तिला चिकटलं ते कायमचं. लेकाच्या सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा कुणीतरी ते उकरून काढलं. वहिनी आत चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं. ती का रडली नाही, हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. बोलण्यावर व्याख्यानं झोडणारा मी — सुपारी कातरत बसलो. तो ठपका घेऊनच ती वारली.

आणि खरी घाण तर अजून सांगितलीच नाही. त्या दिवशी दाराआड मी का थांबलो होतो? भावाच्या दुःखाने? छे. ती कधी सुरू करते, याची वाट बघत होतो.