पडली तर काय करायचं

जपानला जाऊन आलेल्या माणसानं जपानचं काही सांगायला घेतलं की ऐकणारा जांभई देतो, म्हणून मी फारसं सांगत नाही. नव्वदीच्या मध्यावर अंबडच्या आमच्या कारखान्यानं क्वालिटी विभागातल्या आम्हा दोघींना तिकडे दोन महिने शिकायला पाठवलं होतं. आम्ही इलेक्ट्रिकचे स्विच तपासायचो. स्विच तपासायला एवढ्या लांब कशाला जायचं, हे आमच्या गल्लीनं मला विचारून घेतलं होतंच.

तिथे पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरची बाई उठली, तिनं दुभाष्याला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मला फिट येते. वर्षातून एखाद्या वेळी. मी पडले तर कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, तोंडात काही घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर अॅम्ब्युलन्स बोलवा." सगळ्यांनी मान डोलावली. ती खाली बसली आणि कामाला लागली. बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. मी मात्र चटकन दाराकडे बघितलं, कारण माझ्या धाकट्या बहिणीलाही फिट यायची, आणि आमच्या घरात तो शब्द दार लावूनसुद्धा कोणी उच्चारत नसे.

त्या लोकांचं सगळंच तसं. आमच्या होस्टेलच्या प्रत्येक खोलीच्या दाराशी एक पिशवी टांगलेली, तिच्यात पाणी, बिस्किटं, बॅटरी, शिट्टी. भूकंप झाला तर कुठे जमायचं ते भिंतीवर लिहिलेलं. जेवताना लोक भूकंपाबद्दल बोलायचे ते आपण लोडशेडिंगबद्दल बोलतो तितक्या सहज. आणि आमच्याकडे? अंबडला मशीन बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. त्यानं आल्याआल्या विचारलं, आग लागली तर बाहेर पडायचं दार कोणतं? दार दाखवलं. त्याला कुलूप होतं. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात, कारण उघडं ठेवलं तर माल चोरीला जाईल. तो गोरा माणूस तिथेच खोक्यावर बसला आणि म्हणाला, दार उघडं होईपर्यंत मी कामाला हात लावणार नाही. आम्ही त्याच्यावर आठवडाभर हसलो.

माझी आई काही कमी तयारीची बाई नव्हती. अचानक पाच पाहुणे आले तर पुरेल एवढा शिधा, ओटी भरायला एक खण आणि नारळ, हे तिच्याकडे बारा महिने असायचं. पण आजारपणाची, अपघाताची तयारी म्हणजे तिच्या मते त्याला आमंत्रण. मी तसलं काही बोलायला लागले की म्हणायची, "शुभ बोल जरा."

परत आल्यावर मी धाकटीसाठी एक कार्ड तयार केलं. रक्तगट, गोळीचं नाव, आणि पडली तर काय करायचं ते चार ओळींत. आईनं ते वाचलं आणि शांतपणे फाडलं. "हे पर्समध्ये घेऊन हिंडणार ती? उद्या कुणाच्या हाती लागलं तर? तिचं लग्न व्हायचंय अजून." धाकटी म्हणाली, "राहू दे ना ताई." मी चिडले. चिडले म्हणजे दोन दिवस अबोला धरला. त्यापलीकडे काही केलं नाही.

वर्षभरात मनमाडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घरात तो आणि त्याची आई, दोघंच. बघायला आले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, आणि त्या बाईंनी आईला न विचारता नेमकं मला विचारलं, "मुलीची तब्येत कशी असते?" कारखान्यात एवढासा चरा दिसला तरी अख्खा खोका परत पाठवणारी मी. मी म्हणाले, "ठणठणीत आहे." धाकटी खाली मान घालून बसली होती. माझी जीभ जराही अडखळली नाही, याची मला आजही लाज वाटते.

लग्न झालं. त्यानंतर दर रविवारी धाकटीचा एसटीडी बूथवरून फोन यायचा आणि दर रविवारी सासूची नवी तक्रार असायची. गॅसजवळ फिरकू देत नाही. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर मागोमाग येते. एकदा तर म्हणाली, बाथरूमची आतली कडीच काढून टाकलीय, अंघोळ करताना बाहेर स्टूल टाकून बसते. आईच्या डोळ्यांतून धारा. "पोरीला कैदी केलंय त्या बयेनं," म्हणायची. सहा महिने आम्ही ऐकून घेतलं. मग आई मला म्हणाली, "तू जा. तुला बोलता येतं."

मी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं मनमाडला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते घोकत गेले. पदर खोचूनच गेले म्हणा ना.

जावई ड्यूटीवर होता. सासूबाई ओट्याशी चहा करत होत्या, धाकटी जमिनीवर विळी घेऊन मेथी चिरत बसली होती. मी सरळ विषयाला हात घातला. "मावशी, बाथरूमची कडी काढलीत म्हणे तुम्ही?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत धाकटीची नजर एका जागी थिजली आणि ती बाजूला कोसळली.

मावशींनी आधी पायानं विळी लांब सरकवली. मग खाली बसून तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी सारली, गळ्यातलं मंगळसूत्र मोकळं केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, ती चप्पल ठेवा खाली."

तेव्हा मला कळलं की मी दारातली चप्पल उचलून आणली होती. धाकटीला हुंगवायला. जपानहून शिकून आलेली मी.

अडीच मिनिटांत ती सैल पडली, श्वास नीट चालू झाला. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"लग्नाला पंधरा दिवस नव्हते झाले. पावडरच्या डब्यात गोळ्या सापडल्या. मेडिकलवाल्याला दाखवल्या, मग डॉक्टरला जाऊन विचारलं. ते म्हणले, आगीपासून जपा, पाण्यापासून जपा, कडी लावून अंघोळीला जाऊ देऊ नका. पडली तर असं असं करा."

"मग आम्हाला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्ही सांगितलं नाय, म्हणजे सांगायचं जड जात असंल. पोराला तेवढं सांगितलं मी. पोरीला वाटलं मी छळते. वाटू दिलं." मग म्हणाल्या, "बरोबर केलं ना मी? पहिलीच वेळ हाय माझी. लय भ्याले व्हते."

"बरोबर केलंत," मी म्हणाले.

धाकटीनं डोळे उघडले. आधी सासूकडे बघितलं आणि लगबगीनं उठायला गेली. "काही नाही आई, ऊन लागलं असेल." मावशींनी तिला पुन्हा निजवलं. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते आता मीच सांगायचं होतं. मी सांगितलं की यांना सगळं माहीत आहे, लग्नानंतरच्या पहिल्या पंधरवड्यापासून.

ती रडली नाही. तिनं सासूला विचारलं, "मग मला माहेरी का नाही धाडलंत?"

मावशी जमिनीवर पसरलेली मेथी गोळा करत होत्या. "कसं धाडू?" त्या म्हणाल्या. "तिथं तू पडलीस तर काय करायचं, हे कुणाला ठाऊक होतं?"

मी तिथेच उभी होते. मला ठाऊक होतं, आणि त्या फाडलेल्या कार्डापलीकडे ते मी एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.