हौद्यातली माती

ताकात हळद पडली, की कढीच्या वासाआधी मला त्या तालमीचा वास येतो. कोल्हापुरात स्टेशनजवळ रुळांखालून भुयारी मार्ग काढायचा होता आणि खणायच्या आधी वरची जागा मोकळी करून घ्यायचं काम माझ्याकडं होतं. रुळांच्या अलीकडं, बरोब्बर आखणीत एका जुन्या तालमीतला कुस्तीचा हौदा येत होता. कौलांतून सकाळचं ऊन उतरलेलं, ताक, हळद, लिंबू आणि तेल पिऊन लोण्यासारखी झालेली लाल माती, आणि मी बूट घालून सरळ तिच्यात उतरलो. "पावणं, पायातलं काढा आधी!" वस्ताद गरजले. मी बूट काढले, पण घाई सोडली नाही. म्हटलं, जेसीबी बाहेर उभाच आहे, तासाभरात सगळी माती तुमच्या नव्या तालमीत टाकून देतो. "ह्या मातीनं लई पाठी बघितल्यात," ते म्हणाले, "तिला मशीनचं दात लावायचं न्हाय." मग हौद्यापासून रस्त्यापलीकडच्या नव्या तालमीपर्यंत पैलवानांची रांग लागली आणि घमेली हातांवरून तरंगत निघाली. लाल धुळीत माणसं विरघळल्यासारखी दिसत होती. मीही अनवाणी त्या रांगेत कधी शिरलो, कळलंच नाही. दुपारी खालचा साधा मुरूम उघडा पडला. वस्तादांनी तळहातानं तो चाचपला आणि मला म्हणाले, "आता खणा. हितनं खाली तुमचं." आज त्या मार्गातून दिवसभर माणसं जातात, मीही जातो, पण रुळांअलीकडच्या दिव्याखाली, बरोब्बर हौद्याच्या जागी पोचलो, की पायांतले बूट नको होतात.