अक्का नेमकी कोण?

माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि त्यांची सासू ही एकच बाई आहे. आमच्या घरात याचं कुणालाच नवल वाटत नाही. सोलापुरातल्या आम्हा तेलुगू विणकरांच्या घरांत मुलगी मामाला द्यायची चाल जुनी. वडिलांनी बहिणीच्या एकुलत्या एका मुलीशी लग्न केलं, ती माझी आई. त्यामुळे ही बहीण माझी आत्याही झाली आणि आईची आई म्हणून आजीही. लाड करून घ्यायचे असले की मी तिला आजी म्हणते आणि भांडायचं असलं की आत्या. बाकी सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणजे कुणाला डोकं चालवावं लागत नाही.

वकिलीची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरेपर्यंत मलाही या बाबतीत कधी डोकं चालवावं लागलं नव्हतं.

पहिल्या खेपेला माझा नंबर थोडक्यात हुकला. बी.कॉम. झालं होतं, ओळखीच्या पतसंस्थेत क्लार्कची जागा माझी वाट बघत होती. वडिलांनी साफ सांगितलं, "अजून एकदा बस. सोलापुरातल्याच कॉलेजात नंबर लागला तर वकील हो. नाही लागला तर मुकाट्याने पतसंस्थेत जायचं." लहानपणापासून मी घरात एकही भांडण वकिलाशिवाय होऊ दिलेलं नाही, आणि वकील अर्थात मीच. पतसंस्थेच्या काउंटरमागे बसलेली मी माझ्या डोळ्यांसमोर येतच नव्हते. म्हणून अशोक चौकाजवळच्या एका क्लासला जायला लागले.

तर्काच्या कोड्यांचा मला नाद लागला तो तिथेच. गोल टेबलाभोवती आठ माणसं, कोण कुणाच्या उजवीकडे, कोण कुणासमोर, असली कोडी असायची. वडिलांनी मागावरच्या कांड्या आणून दिल्या. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची छोटी नळी. प्रत्येक रंगाची कांडी म्हणजे एक माणूस, आणि जेवणाचं ताट म्हणजे टेबल. लाल निळ्याच्या समोर, पिवळी हिरवीच्या शेजारी नाही, असं करत एक जागा पक्की झाली की बाकीच्या कांड्या पटापट आपापल्या जागी जाऊन बसायच्या. त्या क्षणी इतका आनंद व्हायचा की मी एकटीच टाळी वाजवायची. घरचे मात्र कोड्यापेक्षा कांड्यांच्या भानगडीतच रमायचे. "पिवळी हिरवीच्या शेजारी का बसत नाही?" वडील विचारायचे. अक्का छातीठोकपणे सांगायची, "लग्नात मानपान झाला नसेल."

आमच्या घरात बोलणं तेलुगूत चालतं, पण रागवायचं असलं की अक्का मराठीवर येते. तेलुगूत रागावलं तर समोरच्याला खरं वाटत नाही, असं तिचं म्हणणं.

सगळं छान चाललं होतं, पण नात्यागोत्याच्या प्रश्नांत माझी दांडी रोज गुल व्हायची. एके दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं : क हा ख च्या मुलीचा नवरा आहे, तर ख ही क ची कोण? पर्याय होते सासू, बहीण, आत्या आणि ठरवता येत नाही. मी शेवटचा पर्याय निवडला. सर मंद्रूपचे, रोज मोटरसायकलवरून येणारे. ते खडू हातात धरून बघतच राहिले.

"आगं, सासू. लई सोपं हाय की!"

"सर, बहीणपण असू शकते."

"कुटं असती अशी बहीण?"

"आमच्या घरी."

मी उभी राहून अख्खी वंशावळ सांगितली. क्लास पोट धरून हसला, आणि सगळ्यात जास्त सर हसले. मग म्हणाले, "कागदावरच्या माणसांना तुझ्या घरचं लावू नगंस, बाई." मला ते पटलं नाही. आमचं घर खरं होतं आणि क, ख कुणी पाहिलेही नव्हते. आणि चूक नसताना मार्क जात होते, याचा मला भयंकर राग येत होता. परीक्षा जवळ आली तरी मी तिथेच अडले होते.

तेवढ्यात अधिक महिना आला. शेजारच्या मराठी घरांचं बघून आमच्याकडेही जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायची पद्धत पडली आहे. पण आमची अडचण अशी की सासू आणि जावई एकाच छपराखाली राहतात. अक्काने त्यावर तोड काढली. नवा शर्ट घालून वडिलांना रस्त्यावर पाठवलं, दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली, "आता या."

वडिलांनी स्वतःच्याच घराची कडी वाजवली. समोरच्या ओट्यावर विड्या वळणाऱ्या बायका हसून हसून बेजार झाल्या. अक्काने डोक्यावरून पदर घेऊन दार उघडलं, पायांवर पाणी घातलं आणि वडिलांना पाटावर बसवलं. पुढ्यात पुरणाचे धोंडे, अनारसे, ताम्हनात दिवा. एवढा थाट बघून वडील ओशाळले. ज्या बाईने कडेवर घेऊन वाढवलं, ती त्यांच्यापुढे हात जोडून उभी!

"अक्का, भावाला कसलं गं वाण?" ते म्हणाले.

अक्का तडक मराठीवर आली. "भाऊ भाऊबीजेला हो. आज जावई हायेस न्हवं? मग गप पाटावर बस की!"

आई वाढता वाढता खाली बसून हसायला लागली. माझ्या हातातला अनारसा मात्र हातातच राहिला. अक्का वडिलांची बहीण होती म्हणून त्यांची सासू व्हायची थोडीच राहिली होती? मुलीच्या नवऱ्याची ती सासूच, इथेही आणि फळ्यावरही. ख आणखी कुणी असेल तर असो बापडी, तिला ते कुणी विचारलंच नव्हतं. सरांचा प्रश्न आमच्या घरालाही बरोबर लागू पडत होता. मीच विचारलं नव्हतं त्याचंही उत्तर द्यायला धावत होते. मी उठून अक्काला मिठी मारली. "आधी हात धू," ती म्हणाली, "तेलकट हात लुगड्याला लावलेस."

परीक्षेला गावाबाहेरच्या एका कॉलेजात बसले. कॉम्प्युटरवर एकामागून एक प्रश्न येत होते. त्यात एक आला : एका पुरुषाकडे बोट दाखवून एक बाई म्हणाली, हा माझ्या एकुलत्या एका मुलीच्या मुलीचा बाप, तर तो तिचा कोण? पर्यायांत जावई होता आणि भाऊही होता. ठरवता येत नाही, हेही होतंच. ही तर आमची अक्काच बोलत होती, आणि ती मुलीची मुलगी मी! मला इतकं हसू आलं की पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले. पाटावर ओशाळून बसलेले वडील आठवले आणि मी बिनधास्त जावई निवडला.

यादी लागली त्या दिवशी सकाळीच फोनवर माझं नाव दिसलं. सोलापुरातच नंबर लागला होता! मी ओरडले तशी आई धावत आली, वडील माग बंद करून आले. अक्काने माझं डोकं छातीशी धरलं आणि रडायला लागली. रडता रडता हसत होती, माझ्या पाठीवर धपाटे घालत होती आणि परत रडत होती. मलाही रडू आवरेना.

वडिलांना आता माझी चेष्टा करायची लहर आली. "वकीलबाई," ते म्हणाले, "सांगा बघू, ही आजी रडतेय की आत्या?"

मी अक्काच्या पदरातून तोंड बाहेर काढलं. "ठरवता येत नाही."

अक्काने नाक पुसलं आणि मराठीवर आली. "व्हय गं? हेच लिहून आलीस व्हय परीक्षेत?"