नितेशला अ‍ॅटॅक आला नव्हता

माझा भाचा जनावराच्या इंजेक्शनाने गेला.

तो गेला त्या दिवशी तुम्ही सगळे दारात आलात, तेव्हा आम्ही "अ‍ॅटॅक" म्हटलं होतं. सुलूला, म्हणजे त्याच्या आईला, लोकांच्या तोंडाची भीती.

आज त्याचं वर्षश्राद्ध. आणि आजच पेपरात आलंय, ते गुंगीचं औषध आता कंट्रोलखाली आणणार. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, कुलपात ठेवायचं. तसा कायदा होतोय.

सकाळीच डिचोलीहून सुलूचा फोन.

"दादा, आता खरा काय ता लिही."

"नाव घालून?"

"नाव घालून."

तर ऐका.

नितेश आमच्याकडेच वाढला, पेडण्याला. मोपाच्या विमानतळावर ड्युटी, नि उरलेला वेळ गोठ्यात.

आमच्या तांबूचं शिंग मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी हेच इंजेक्शन दिलं. गाय बसली, मान टाकली. नितेशने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"मामा, तू जेवून ये. ही उठेपर्यंत मी हलूचंय नाय."

"अरे, लाळेने पॅन्ट भिजली तुझी!"

"भिजू दे. सासुरवाडीक थोडोच चाललंय!"

तांबू उठली. अशा कितीतरी गायी त्याने उठताना पाहिल्या.

तेच नडलं.

केरीच्या पार्टीत कुणीतरी ते औषध काढलं, तेव्हा हा म्हणाला म्हणे, "ह्या आमच्या गोठ्यातला. काय होत नाय. गाय उठता नि चरूक जाता."

त्याच्या मित्राने मला रडत रडत सांगितलं.

औषध बंदच करा, असं मात्र म्हणू नका. मुक्या जिवालाही दुखतं, त्याला ते हवंच. पण कुलपात हवं.

हा कायदा आधी झाला असता तर...
ह्या "तर"ला अंत नाही.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायला आता शिडी आणावी लागते, नितेश. तुझा नुसता हात पोचायचा. वर फळं बांधता बांधता माझ्या टकलावर सुपारी टाकायचास, नि वर म्हणायचास, "मामा, देव पावलो!"

यंदा मी खाली उगाच उभा राहिलो.

हे सगळं सुलूला फोनवर वाचून दाखवलं.

मग म्हणाली, "फोटो हसतानाचो घाल."

घातलाय.

नितेश, पोरा, भरल्या मनाने निरोप देतो.