माशाच्या तेलाचे वार

आकुर्डीत कचेरीसमोर टेबल मांडून मी वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले, तथापि माझा मसुदा पाहून साहेबलोकही "हा कोणी लिहिला?" असे विचारतात, हे नमूद करणे आवश्यक आहे. अशा माणसाला स्वतःच्या घरात एक कॅप्सूल मंजूर करून घेता येऊ नये, याचा संताप अद्याप शमलेला नाही.

रक्ततपासणीत माझे ट्रायग्लिसराइड्स सातशेच्या वर निघाले. डॉक्टरांनी बजावले, "ही चरबी उतरली नाही तर स्वादुपिंडाला सूज येईल. त्यात जीवही जाऊ शकतो." गोड, तळलेले बंद झाले आणि दोन्ही वेळच्या जेवणासोबत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल लिहून मिळाल्या.

"मासाच ना? मग सोमवार, गुरुवार, शनिवार नाही," पत्नीने निकाल दिला. चतुर्थी, एकादशीही वगळल्या. पाठोपाठ श्रावण लागला आणि डबी महिनाभर चपलांच्या कपाटावर गेली.

"अगं, हे औषध आहे!"

"ढेकर तर कालवणाचाच येतो तुम्हाला. मला नका शिकवू."

श्रावणानंतरच्या तपासणीत आकडा जागचा हललेला नव्हता. डॉक्टरांनी विचारले, "रोज घेता ना?"

"वार सोडून रोज," मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवले.

मी लेखी दाखला मागितला. डॉक्टरांचे अक्षर घरी लागणार नाही, म्हणून मजकूर मीच सुवाच्य लिहिला: 'सदर कॅप्सूल हे औषध असून त्यास मांसाहार समजण्यात येऊ नये.' त्यांनी हसत सही-शिक्का केला.

पत्नीने कागद लांब धरून वाचला. "अहो, हे तर तुमचंच अक्षर!"

"खाली शिक्का बघ ना!"

"शिक्के काय, तुम्ही रोजच मारून आणता."

वीस वर्षांच्या लेखणीची घरातली ही पत! अखेर तिलाच दवाखान्यात नेले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "ताई, यांनाच काही झालं तर वार कुणासाठी पाळणार?" 

पुढच्या सोमवारी माझ्या ताटाशेजारी कॅप्सूल होती. ताटाला शिवू नये म्हणून तिच्याखाली कागद घातला होता. तो माझा दाखला होता, चौघडी केलेला.

मी कॅप्सूल गिळली.